बंदूक बांधावर हवी, मोर्चात नको



मागच्या जिल्हा बैठकीत जेवणाच्या सुट्टीआधी एक ठराव आला. मांडणारा पोरगा तिशीच्या आतला, सहा एकर कोरडवाहूचा धनी. त्याचे म्हणणे असे की पुढच्या मोर्चाला ज्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्याने ती खांद्याला लावून यावे. गोळी घालायची नाही, धमकी द्यायची नाही, नुसती दिसू द्यायची. "हात जोडून गेलो तर साहेब मीटिंगमध्ये असते. काठी घेऊन गेलो तर पोलीस तीच काठी आमच्या पाठीवर मोडते. शंभर बंदुका दिसू द्या, मंग पाहा साहेब दारापर्यंत येते का नाही!" यावर टाळ्या अशा पडल्या की वर्षभरात माझ्या एकाही भाषणाला तशा पडल्या नाहीत. वेळ संपला म्हणून ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

मी त्या दिवशी बोललो नाही. आता लिहितो, म्हणजे तुम्ही वाचून, भांडायची तयारी करून बैठकीला याल. मी या ठरावाच्या विरुद्ध आहे. पण ठराव मांडणाऱ्या पोराच्या विरुद्ध नाही, आणि त्याला 'माथेफिरू' म्हणून बाजूला सारणाऱ्या आपल्यातल्या शहाण्यांच्या बाजूचा तर मुळीच नाही.

त्याचा राग कुठून आला ते आधी पाहा. त्याची खरीप ज्वारी हुरड्यात होती. रानडुकरांचा कळप दोन रात्री आला. डुक्कर ज्वारी खाते थोडी, तुडवते जास्त. ताट आडवे पाडायचे, कणीस ओरबाडायचे, पुढच्या ताटाकडे जायचे. सकाळी शेतात ना दाणा, ना जनावरापुढे टाकण्याजोगा कडबा. तिकडे पऱ्हाटीत रोह्यांनी शेंडे आणि पात्या खाल्ल्या. मी शेतकी कॉलेजात शिकलो तेव्हा आम्हाला किडींची आर्थिक नुकसानीची पातळी शिकवत. झाडावर किती अळ्या दिसल्या म्हणजे फवारणी परवडते, याचे तक्ते पाठ करून मी पास झालो. डुकराची पातळी त्या तक्त्यात नव्हती. ती मला पुढे शेतकऱ्यांनी शिकवली: एक कळप, एक रात्र.

पोराने काय काय केले? जागल केली, पत्र्याचे डबे वाजवले, फटाके फोडले, बुजगावण्याला बापाचा जुना शर्ट घातला. डुकरे आठ दिवसांत सगळ्याला सरावली. मग त्याने पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मागितला. ती गोष्ट आता दोन वर्षांची झाली. अर्ज कोणत्या टेबलावर आहे हे त्याला अजून कोणी सांगितलेले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण सरकारी टेबलावर तुम्हाला सांगितले जाते ते आणि पुस्तकात छापलेले आहे ते यांत बांधाएवढे नाही, शिवाराएवढे अंतर आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम, कलम १३, पोटकलम ३. भारताच्या नागरिकाला खरोखरीच्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, म्हणजे आपली भरमार, हवी असेल तर परवाना अधिकारी परवाना 'देईल', असे तिथे लिहिले आहे. 'वाटल्यास देऊ शकेल' असे नाही. पुढे जाऊन कायदा म्हणतो की भरमार पुरेशी पडणार नाही अशी खात्री पटली तर २० इंचांपेक्षा कमी नाही अशा नळीची दुसरी साधी बंदूकही देता येईल. नाकारायचे असेल तर कलम १४ मधली कारणे हवीत: वेडसरपणा, सार्वजनिक शांततेला धोका, अशी. आणि त्याच कलम १४ मध्ये एक वाक्य आहे, ते कापून घरात चिकटवा. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही.

हे वाक्य मी नोकरीत असताना वाचले असते तर बरे झाले असते. एका शेतकऱ्याबरोबर मी एका कचेरीत गेलो होतो. माणूस चार एकरांचा. टेबलामागच्या इसमाने अर्ज वाचला, त्याच्या पायातल्या चपलेकडे पाहिले आणि विचारले, "तुझ्याकडे चोरून नेण्यासारखं आहे तरी काय, बंदूक मागायला?" शेतकरी म्हणाला, "ज्वारी आहे ना साहेब." सगळी कचेरी हसली. मी कृषी पदवीधर, सरकारी अधिकारी, आणि मीही खाली मान घालून उभा राहिलो, कारण कायदा कोणाच्या बाजूने आहे हे मलाच ठाऊक नव्हते. त्या माणसाने पुढच्या वर्षी ज्वारी सोडली आणि सोयाबीन पेरले. आपल्या भागात ज्वारी कमी का झाली यावर विद्यापीठात चर्चासत्रे होतात, भाव, मजुरी, खाण्याच्या सवयी सगळे मांडले जाते. ते खरेही आहे. पण त्या चर्चासत्रात डुक्कर बोलावलेले नसते.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी तर मुदतीही घातल्या: पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यावा, अहवाल आल्यावर ६० दिवसांत परवाना अधिकाऱ्याने निर्णय द्यावा. नकार दिला तर कारण लेखी नोंदवावे लागते आणि मागितले तर, काही अपवाद सोडून, सांगावे लागते. कलम १८ खाली अपील आहे. म्हणून शहाणा कारकून नकार देतच नाही. तो अर्ज ठेवून देतो. न दिलेल्या नकारावर अपील कुठे करणार?

बरे, बंदूक मिळाली म्हणजे डुक्कर मारता येते असेही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात १ एप्रिल २०२३ पासून नव्या अनुसूची लागू झाल्या; रोही आणि रानडुक्कर दोन्ही अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकाचे नुकसान करणारे जनावर मारायला कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणजे बंदूक महसूल आणि पोलिसांची, डुक्कर वनखात्याचे, आणि ज्वारी तेवढी आपली. मी जंगल संपवा म्हणणारा माणूस नाही. वाघ जगला पाहिजे, जंगल राहिले पाहिजे. पण त्याचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याने रात्रीची झोप देऊन का भरायचा?

परवाना अडवला की बंदूक थांबते, पण डुक्कर थांबत नाही. मग काय होते ते तुम्ही जाणता. कुंपणाच्या तारेत रातोरात करंट सोडला जातो. कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवला जातो. सकाळी तारेला चिकटलेला सापडतो तो कधी शेजाऱ्याचा बैल, कधी शेजारीच, कधी ज्याने तार लावली त्याचा स्वतःचा भाऊ. सरकारला वाटते आपण हत्यार कमी केले. प्रत्यक्षात त्याने ज्याची नोंद आहे, ज्याला नंबर आहे, जे डोळ्यांनी पाहून चालवावे लागते ते हत्यार बंद केले, आणि ज्याला डोळे नाहीत ते सुरू केले.

ही रीत आजची नाही. इंग्रजांनी १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवाना, गोऱ्याला सूट. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८७५ साली, पुणे आणि नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती. त्या दंग्यामुळेच कायदा आला असे मी म्हणत नाही. पण रयतेच्या हाती काय असावे याची धास्ती राज्यकर्त्याला का असते, हे समजायला तेवढे पुरे. काँग्रेसने १९३१ साली कराचीच्या ठरावात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला होता. स्वराज्य आले. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णु कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. कामत हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे, म्हणजे आपल्याच मुलखाचे प्रतिनिधी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. सरसकट हक्क दिला तर ज्याच्यावर समाजाने विश्वास ठेवू नये असा माणूसही तोच हक्क सांगत उभा राहील, हा त्यांचा मुद्दा. दुरुस्ती पडली.

माझे मत विचाराल तर आंबेडकरांचे बरोबर होते. पण 'सरसकट नको' याचा अर्थ पुढच्या राज्यकर्त्यांनी 'साहेबाच्या मर्जीने' असा लावला. ते काही कोणी घटना समितीत मागितले नव्हते.

देशात एका जागी मर्जी लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाला आणि जम्मा जमिनीच्या धारकांना इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ साली ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. सप्टेंबरच्या सुमाराला त्यांच्या सणात बंदुकांची पूजा होते, जशी आपल्याकडे पोळ्याला बैलांची आणि दसऱ्याला अवजारांची. कोडगू काही रोज पेटलेले नसते. म्हणजे शेतकऱ्याच्या घरी बंदूक असली की राज्य बुडते, ही भीती खोटी आहे. जम्मा जमीन असली तर परवानाच नको, आणि काळी कोरडवाहू असली तर दोन वर्षे टेबल शोधा, हा न्याय कोणत्या तराजूचा?

आता उघड्यावर बंदूक मिरवण्याचा प्रश्न. आपल्या देशात हे कोणालाच करता येत नाही, निदान कागदावर. २०१६ च्या नियमांतला नियम ३२ सांगतो की सार्वजनिक जागी बंदूक न्यायची तर ती म्यानात किंवा खोळीत, पूर्ण झाकलेली असली पाहिजे. लोकांत ती परजली किंवा उडवली तर परवाना जातो. परवान्याच्या अटींत तर फार पूर्वीपासून आहे की जत्रा, धार्मिक मिरवणूक, लोकांचा जाहीर जमाव आणि शाळा-कॉलेजचे आवार इथे खास परवानगीशिवाय शस्त्र न्यायचे नाही. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने लग्नात, वरातीत बेफिकिरीने गोळ्या उडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले. तेव्हा पोराने मांडलेला ठराव अमलात आला तर पहिल्या दिवशी काय होईल? शंभर परवाने रद्द होतील. ज्यांनी दहा-दहा वर्षे खेटे घालून भरमार मिळवली त्यांची भरमार जाईल, आणि डुकरे त्या रात्रीच येतील.

पण कायद्याचा हा धाक कोणाला? पुढारी गावात आला की त्याच्या गाडीमागच्या गाडीतून जे उतरतात त्यांच्या हातात काय असते ते तुम्ही पाहता. सरकारी अंगरक्षक कामावर असतो, त्याला कलम ४५ ने सूट आहे, ते समजू शकतो. पण पुढाऱ्याच्या मागे फिरणारा वाळूवाला, ठेकेदार, त्याचा मेहुणा, यांच्या शर्टाखालून पिस्तुलाची मूठ दिसावी अशा बेताने शर्ट वर घेतलेला असतो. तो झाकतही नाही आणि परजतही नाही. तो दाखवतो. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ नंतर परवान्यांची फेरतपासणी झाली, अनेक परवाने रद्द झाले. हातात पिस्तूल घेतलेले फोटो आणि हवेत गोळ्या उडवतानाचे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. बीड हा कापसाचा आणि ज्वारीचा जिल्हा. मी एवढेच विचारतो की ज्या टेबलावरून ती पिस्तुले कमरेपर्यंत पोचली, त्याच टेबलावर पीकसंरक्षणाची भरमार का अडकते? पिस्तुलाने डुक्कर मारलेले मी तरी अजून पाहिले नाही.

आणि आमच्या हातात काय असते? काठी. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येतच लिहिले आहे की लाठी, साधी हातातली काठी अशा घरगुती किंवा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू म्हणजे शस्त्र नव्हे. दिल्लीच्या कायद्याने काठीला सोडले. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७, पोटकलम १ काढा. बंदूक, तलवार, भाला, सुरा यांच्या त्याच ओळीत काठी आणि लाठी बसवली आहे. मोर्चाची तारीख जाहीर झाली की 'सदतीस एक आणि तीन' चा आदेश निघतो. त्यात दगड येतो, काठी येते, पुतळा जाळायचा म्हटले तर पुतळाही येतो. आपल्या मोर्चात सत्तरी ओलांडलेली म्हातारी माणसे येतात. त्यांच्या हातातली काठी ही त्यांचा तिसरा पाय असते. तो पाय बंदुकीच्या ओळीत! सणासुदीच्या नावाने, परीक्षेच्या नावाने, निवडणुकीच्या नावाने असे आदेश निघत राहतात. पंधरा दिवसांपुढे राज्य सरकारची मंजुरी लागते, म्हणून पंधरा दिवस संपले की नवा आदेश.

निवडणुकीचे आणखी एक दुखणे. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. निवडणूक आयोगाची सूचना सरसकट जमा करण्याची नाही. छाननी समितीने जामिनावर असलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, दंगलीत सापडलेले अशांची प्रकरणे तपासून ठरवायचे असते. प्रत्यक्षात ठाण्यातून निरोप येतो: "आणून टाका." आता विधानसभेच्या तारखा आठवा. १५ ऑक्टोबर २०१४. २१ ऑक्टोबर २०१९. २० नोव्हेंबर २०२४. आचारसंहिता त्याआधी महिनाभर. म्हणजे खरीप ज्वारी कणसात असताना, कापूस फुटत असताना, नेमकी त्या दिवसांत पीकसंरक्षणाची बंदूक ठाण्याच्या खोलीत गंजत पडते. डुकराला आचारसंहिता नाही. आणि छाननीतला 'दंगलीत सापडलेला' कोण? रास्ता रोकोच्या गुन्ह्यात ज्याचे नाव आले तो. म्हणजे तुम्ही आणि मी.

एवढे सगळे लिहून झाल्यावर कोणीही म्हणेल, मग बंदूक खांद्याला लावायला काय हरकत आहे?

हरकत आहे. ठरावाच्या पोराने मला मोबाइलवर अमेरिकेतली माणसे दाखवली: खांद्याला रायफल, बाजारात फिरताहेत, पोलीस शेजारी उभा, कोणी काही बोलत नाही. "तिथल्या कायद्यात चालते," तो म्हणाला. चालते, बऱ्याच राज्यांत चालते. टेक्सासमध्ये लांब बंदूक आधीपासून चालत होती, १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूलही उघडे लावता येऊ लागले, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेकांना परवानाही लागत नाही. पण त्या देशाची पूर्ण गोष्ट ऐका.

कॅलिफोर्नियात १९६७ पर्यंत भरलेली बंदूक उघड घेऊन फिरणे कायदेशीर होते. ओकलंडमधले काळे तरुण, ब्लॅक पँथर पक्षाचे, पोलिसांच्या मारहाणीवर नजर ठेवायला बंदुका घेऊन रस्त्याने फिरू लागले. आपल्या पोराचाच विचार: दिसू द्यायची. लगेच विधिमंडळात अशा बंदुकीवर बंदीचे विधेयक आले. त्याचा निषेध करायला २ मे १९६७ रोजी पँथरचे सुमारे तीस लोक बंदुकांसह सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. विधेयक मागे गेले नाही. उलट वेगाने मंजूर झाले आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. हेच रेगन पुढे बंदूकवाल्यांचे लाडके अध्यक्ष झाले! बंदुकीचे प्रेम तेच होते, खांदा बदलला होता. आणि ३० एप्रिल २०२० ला मिशिगन राज्याच्या लॅन्सिंग इथल्या विधानभवनात टाळेबंदीच्या विरोधात रायफली घेतलेले लोक शिरले, बहुतेक गोरे. ते कायदेशीर ठरले. तिथे उघड्या बंदुकीवर बंदी यायला जानेवारी २०२१ उजाडावे लागले. उघडी बंदूक कोणाची चालते आणि कोणाची नाही, हे कायद्याच्या आधी ठरलेले असते. आपण कोणत्या रांगेत आहोत हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट टेक्सासमधल्याच डॅलस शहराची, ७ जुलै २०१६. पोलिसांच्या हातून काळी माणसे मारली गेली म्हणून शांततेचा मोर्चा. मोर्चात काही जण कायद्याप्रमाणे उघड रायफली घेऊन चालत होते. अचानक एका माणसाने दडून पोलिसांवर गोळ्या झाडल्या. पाच पोलीस मेले. गर्दी पळाली, रायफलवालेही पळाले. आता झाडणारा कोण आणि नुसता मिरवणारा कोण, हे पोलिसांनी कसे ओळखावे? मोर्चातल्या एका निरपराध माणसाचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून देशभर प्रसिद्ध केला. त्याने तर आपली बंदूक आपण होऊन पोलिसाच्या हाती दिली होती. मोर्चा कशासाठी होता हे त्या रात्रीपुरते सगळे विसरले.

आपल्या मोर्चात शंभर बंदुका आहेत आणि एकाने, तो आपलाच असेल असे नाही, गर्दीतून एक बार काढला, असे डोळ्यांपुढे आणा. समोर पोलिसांची तुकडी आहे. पुढच्या मिनिटाचा हिशेब करा.

निपाणीला १९८१ साली तंबाखूवाल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. मावळात ९ ऑगस्ट २०११ ला तीन जण गेले, त्यात एक बाई. मध्य प्रदेशात मंदसौरला ६ जून २०१७ ला गोळीबारात पाच शेतकरी गेले. गोळीबारानंतर सरकारचा पहिला बचाव कायम एकच असतो: जमाव हिंसक होता, स्वसंरक्षणासाठी गोळी चालवावी लागली. आपल्याकडे त्याला एकच उत्तर असते, की आमच्याकडे बंदूक नव्हती. हे उत्तर आपण आपल्या माणसांच्या रक्ताने कमावले आहे. ठरावाला टाळ्या वाजवताना आपण ते एका दुपारीत फुकून टाकायला निघालो होतो. समोरच्याकडे बंदुका किती आहेत? आपल्या शंभर भरमार, एक बार काढला की पुन्हा दारू ठासायला लागणाऱ्या. साहेब दारापर्यंत येईल म्हणता? साहेब मागच्या दाराने जाईल आणि पुढच्या दाराने दुसरे कोणी येईल.

आणखी एक गोष्ट मला खटकते, ती घरातली आहे. आपल्या मोर्चात निम्म्या बाया असतात. बंदुका आल्या की पहिल्या रांगेत बंदूकवाले येतील, म्हणजे ज्याला परवाना मिळाला तो, म्हणजे बहुतेक मोठा कास्तकार. चार एकरवाली बाई मागे जाईल, मग घरी राहील. बंदूक पुढाऱ्याच्या मागे काय करते ते आपण पाहतो. आपल्यात ती वेगळे काही करील असे समजायला आधार नाही.

म्हणून मी पुढच्या बैठकीत दुसरा ठराव मांडणार आहे. पीकसंरक्षणाच्या परवान्याचे अर्ज नियमाच्या मुदतीत निकाली काढावेत, आणि त्यासाठी दर महिन्याला तालुक्याला एक दिवस ठरवून परवाना, पोलीस आणि वनखाते यांची माणसे एका ठिकाणी बसावीत. निवडणुकीत पीकसंरक्षणाची बंदूक छाननी न करता जमा करून घेऊ नये, आणि आंदोलनाचा गुन्हा म्हणजे दंगल समजू नये. कलम ३७ च्या आदेशातून साधी काठी वगळावी. नियम ३२ प्रमाणे खाजगी पिस्तूल झाकलेले नसेल तर तो माणूस कोणाच्या ताफ्यात आहे हे न पाहता परवाना रद्द व्हावा. आणि शेवटचे आपल्यासाठी: आपल्या कोणत्याही सभेला, मोर्चाला, मिरवणुकीला, कार्यकर्त्याच्या लग्नाच्या वरातीलाही, परवाना असो वा नसो, बंदूक आणायची नाही. आणली तर त्याला आपणच परत पाठवायचे.

ठराव मांडणाऱ्या पोराशी मी बोललो. त्याला पटले नाही. "तुमचे पटते, पण डुक्कर तर आज रात्री येते," म्हणाला. मी त्याला घेऊन त्याच्या अर्जाचे टेबल शोधायला जाणार आहे. या वेळी कलम १४ चे ते वाक्य खिशात असेल आणि मान खाली नसेल.

तालुका बैठकीला येताना ज्यांनी परवान्याचा अर्ज केला आहे त्यांनी अर्जाची पोच आणि सातबारा आणावा. ज्यांना नकार मिळाला त्यांनी नकाराचा कागद आणावा. कागद दिलाच नसेल तर अर्जाची तारीख आणि कोणत्या कचेरीत दिला ते लिहून आणावे. मागच्या निवडणुकीत ज्यांनी बंदूक ठाण्यात जमा केली त्यांनी जमा केल्याचा दिवस, परत मिळाल्याचा दिवस आणि मधल्या काळात किती ज्वारी गेली ते सांगावे. बंदुका घरी, कुलपात ठेवून या. ज्यांना काठीशिवाय चालता येत नाही त्यांनी काठी घेऊनच यावे.